ओव्हनमधली अकरा अंडी

दोन्ही साप नर आहेत असं नंदूने छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि त्यातला एक नर मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता पद्मिनीच्या डोळ्यांदेखत अंडी घालत होता.

पद्मिनी मोजत उभी राहिली. तिला सगळंच मोजायची सवय होती. इशिताचा ताप, दाराच्या कड्या, टाकीच्या झाकणावरच्या चिकटपट्ट्या. चौथं अंडं बाहेर आलं तेव्हा तिने संजीवला ऑफिसात फोन लावला.

"मीटिंगमध्ये आहे गं."

"नारिंगी सापाने अंडी घातलीत."

संजीव आवाज खाली आणून म्हणाला, "पण तो तर नर आहे ना?"

"तसं त्याला सांगते मी."

"नाही म्हणजे, नक्की अंडीच आहेत का? थांब, मी नंदूला ई-मेल करून विचारतो."

इथे पद्मिनीचं डोकं फिरलं ते जुलैपासून सप्टेंबरपर्यंत फिरलेलंच राहिलं. पद्मिनी नागपूर विद्यापीठाची एम. एस्सी. होती, प्राणिशास्त्रातली, पहिल्या वर्गातली. तिचा प्रबंध विदर्भातल्या बिनविषारी सापांच्या खवल्यांवर होता. आणि नंदू कोण? केमिकल इंजिनिअर! पीएच.डी. करत होता तो रंगाच्या डब्यात गुठळ्या का होतात यावर. पण सापाच्या पोटातून बाहेर पडणारी पांढरी लांबट वस्तू अंडं आहे की आणखी काही, हे ठरवायचा अधिकार नंदूचा. कारण नंदू पाळतो. अमेरिकेत, पार्सिपनीत आल्यापासून दोन वर्षांत पद्मिनीला प्राणिशास्त्रावरचा एकच प्रश्न विचारला गेला होता, आणि तोही चार वर्षांच्या इशिताने. मांजरीला भुवया असतात का?

नंदू हा संजीवचा कॉलेजातला ज्युनिअर. साखरपुड्यासाठी दोन आठवडे नाशिकला जातो म्हणून मेअखेर तो काचेची टाकी घेऊन दारात उभा राहिला. टाकीत दोन साप. एक नारिंगी, त्यावर तांबडे ठिपके, त्याला कॉर्न स्नेक म्हणतात. दुसरा काळा, त्यावर पांढरे पट्टे, तो किंग स्नेक. संजीवने टाकी आत घेतली आणि मग बायकोला विचारलं, ठेवू या का. साखरपुडा झाला, पण व्हिसाच्या शिक्क्यासाठी नंदू वकिलातीत गेला तो चौकशीत अडकला. दोन आठवड्यांचे सहा आठवडे झाले होते आणि चौकशी चालूच होती.

पहिल्याच दिवशी पद्मिनी म्हणाली होती, "हे दोघं एका टाकीत नकोत. किंग दुसऱ्या सापांना खातो."

"वहिनी, माझ्याकडे वर्षभर एकत्र आहेत," नंदू हसून म्हणाला होता. "भावांसारखे राहतात."

चौथ्या दिवशी पद्मिनीने कोणालाही न विचारता किंगला स्वेटर ठेवायच्या प्लॅस्टिकच्या खोक्यात हलवलं. तोवर मात्र हे भाऊ एकत्र होते, आणि तेवढं पुरलं होतं.

अंडी अकरा झाली. संध्याकाळी संजीवने ती फेकून देऊ या असा ठराव मांडला. पद्मिनीलाही ते पटायला हरकत नव्हती. घरात लहान मूल. दोन साप होते तेच तिच्या झोपेवर उठले होते. पण कॉर्न आई आणि किंग बाप यांची पिल्लं दिसतात कशी, कोणाचे खवले घेतात, हे तिने फक्त छापील वाचलं होतं, आणि इथे अकरा उत्तरं तिच्या स्वयंपाकघरात पडली होती. शिवाय ती सकाळपासून इतकी चिडलेली होती की संजीवने 'ठेवू या' म्हटलं असतं तर तिनेच फेकली असती.

"राहू देत," ती म्हणाली. "आणि तू काही करू नकोस."

साठ दिवस एकसारखी ऊब हवी होती. ती जागा घरात एकच होती. दही विरजायला आपण सगळ्याजणी ओव्हनमधला दिवा लावून ठेवतो ना, तिथे. पद्मिनीने ओलसर शेवाळ घातलेल्या डब्यात अंडी मांडली, थर्मामीटर खोवला, आणि दह्याचं पातेलं खालच्या जाळीवर सरकवलं. नंतर त्या घरातलं दही शोभाकाकूंनी कधी खाल्लं नाही, पण ते पुढे.

शोभाकाकू वरच्या मजल्यावर राहत. मराठी मंडळाच्या सांस्कृतिक चिटणीस. त्या वाटीभर चटणी द्यायला आल्या आणि ओव्हनच्या काचेतून आत बघत उभ्याच राहिल्या.

"अगं पद्मिनी, तीन आठवड्यांवर नागपंचमी आलीय! आणि तुझ्या घरी साक्षात..."

"काकू, हे नाग नाहीत. ह्यांना फणा नाही, विष नाही."

"भाव महत्त्वाचा गं. आणि दूध?"

"साप दूध पीत नाहीत."

"आमच्या सांगलीला पितात," शोभाकाकू म्हणाल्या. प्राणिशास्त्राचा विषय त्यांनी तिथे संपवला.

जिन्यात त्यांना संजीव भेटला. त्याने काय उत्तर दिलं असेल ते सांगायला नको. रात्री मंडळाच्या ई-मेल यादीवर निरोप फिरला: यंदा नागपंचमीला जिवंत नागदर्शन, स्थळ संजीव आणि पद्मिनी यांचं घर, येताना वाटी आणावी.

"तू हो म्हणालास?"

"त्या इतक्या प्रेमाने विचारत होत्या. आणि येऊन येऊन किती येतील, चार-पाच?"

अडतीस आले. सव्वा बेडरूमचं ते घर, त्यात अडतीस माणसं, त्यातली चौदा रेशमी साड्यांतली, आणि बाहेर पंचाण्णव डिग्री. दोन्ही साप भेदरून लपायला ठेवलेल्या आपापल्या उपड्या घमेल्याखाली वेटोळं करून बसले होते. पद्मिनी टाकीपुढे हात पसरून उभी राहिली, एखाद्या बँकेच्या वॉचमनसारखी. हळद-कुंकू काचेला लावा, सापाला नाही. दूध बाहेर ठेवा, आत नाही. "किती कडक आहे हो ही," एक बाई दुसरीला म्हणाली, पद्मिनीला ऐकू जाईल एवढ्या हळू.

शोभाकाकूंचे यजमान चंद्रशेखरकाका हॉलच्या मध्यात धुपाटणं घेऊन उभे होते आणि धूर सगळ्यांना सारखा मिळावा म्हणून मंडळाच्या स्मरणिकेने वारा घालत होते. धुराने कोणताच भेदभाव केला नाही. तो छतावरच्या अलार्मपर्यंतही गेला.

त्याच वेळी शोभाकाकू स्वयंपाकघरात नारळ शोधत होत्या. आता मराठी घरातल्या फ्रीझरमध्ये आइस्क्रीमचा डबा असला तर त्यात आइस्क्रीम नसतं, खवलेलं खोबरं असतं, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी व्हॅनिलाचा डबा काढला, झाकण उघडलं. आत सापांचं महिन्याचं रेशन होतं. चोवीस गोठवलेले उंदीर, शिस्तीत एका दिशेला तोंडं करून.

काकूंची किंकाळी आणि अलार्म एकदमच वाजले. त्यामुळे आधी कोण, हा वाद मंडळात अजून चालू आहे.

इमारत रिकामी झाली. लॉनवर चौदा रेशमी साड्या, दोन बंब, हेल्मेट घातलेली सहा माणसं. "श्रावणात! घरात उंदीर! डब्यात!" शोभाकाकू प्रत्येकाला स्वतंत्र सांगत होत्या. धूर कुठून आला ते बघायला बंबवाल्यांबरोबर कॉम्प्लेक्सची मॅनेजर आत गेली. तिला तिथे हळद लावलेली काचेची टाकी दिसली. आत साप. बाजूच्या खोक्यात आणखी साप. आणि ओव्हनमध्ये दिवा लावून अकरा अंडी.

सोमवारी दाराला नोटीस चिकटली होती. घरात विनापरवाना प्राणी. पंचेचाळीस दिवसांत सरकारी परमिट दाखवा, नाहीतर जागा सोडा.

पद्मिनी ती नोटीस हातात घेऊन जिन्यातच बसली. इशिताची बालवाडी चालत सहा मिनिटांवर होती. गाडी संजीव नेत असे, बसचा पत्ता नव्हता. इथून उठवलं तर नवी जागा देणारा आधी जुन्या जागेत फोन करणार, आणि जुनी जागा सापांची गोष्ट सांगणार.

"फक्त जागेचंच नाही हां," चंद्रशेखरकाका तिच्या मांडीवरची नोटीस वाचत म्हणाले. इमिग्रेशन हा त्यांचा आवडीचा विषय होता. "असल्या गोष्टी ग्रीन कार्डच्या फायलीत जाऊन बसतात. मी तर म्हणतो, फॉर्मवर साप लिहूच नका. लिहा, गांडूळ."

"काका, चार फुटांचं?"

"अमेरिकेत सगळंच मोठं असतं."

परमिटच्या ऑफिसला फोन लावायचं काम संजीवने पद्मिनीवर सोपवलं, कारण ती घरीच असते. चाळीस मिनिटं पियानो ऐकल्यावर एक बाई आली. चांगली होती, पण तिच्या फॉर्मला रकाने होते. कॉर्न स्नेक ह्या राज्यात रानात सापडतो, जात धोक्यात आहे, म्हणून त्याचा फॉर्म वेगळा. किंगचा फॉर्म वेगळा. पिल्लांचं काय?

"पिल्लांची जात काय?" बाईने विचारलं.

"अर्धी-अर्धी."

"रकान्यात एकच नाव मावतं."

"पण अजून ती अंड्यात आहेत."

"मग बाहेर आल्यावर नाव लिहा. ओळख कोणी पटवली त्याचं नाव आणि पात्रताही लिहा. त्याशिवाय ठेवता येणार नाहीत, आणि कोणाला देताही येणार नाहीत."

आई एका फॉर्मवर, बाप दुसऱ्या फॉर्मवर, मुलं रस्त्यावर. हे ऐकून संजीव म्हणाला, "मी करतो काहीतरी." पद्मिनीला सगळ्यात जास्त भीती ह्याच वाक्याची होती.

त्याने जे केलं ते ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी. पद्मिनी इशिताला घेऊन लायब्ररीत गेली होती. संजीवला भूक लागली. त्याने फ्रोझन पिझ्झा काढला आणि पुठ्ठ्यावर लिहिल्याप्रमाणे, अक्षर न अक्षर पाळून, ओव्हन आधी चारशे डिग्रीवर तापत ठेवला.

पद्मिनीने दार उघडलं आणि तिला दही शिजल्याचा वास आला. तिने पर्स, पुस्तकं आणि इशिता, तिघांनाही दारातच सोडलं आणि उघड्या हातांनी डबा बाहेर ओढला. भिंतीकडची तीन अंडी गेली. शेवाळ ओलं होतं म्हणून आठ वाचली. तिच्या दोन बोटांना फोड आले.

"मॉम, इज दॅट ब्रेकफस्ट?" इशिताने विचारलं.

"मला वाटलं तू आधी काढली असशील," संजीव म्हणाला.

बोटं नळाखाली धरून पद्मिनी फक्त एवढाच हिशेब करत राहिली की सहा आठवडे ज्या ओव्हनवर तिने स्वतःच्या हाताने 'अंडी' असा कागद चिकटवला होता, तो कागद ह्या माणसाने तापमानाचे आकडे नीट दिसावेत म्हणून बाजूला सरकवला होता.

सप्टेंबरच्या सहा तारखेला पहिलं अंडं चिरलं. सातला संध्याकाळपर्यंत आठही पिल्लं बाहेर. पेन्सिलीएवढी. तीन पट्टेवाली, तीन ठिपकेवाली, आणि दोन अशी की डोक्याकडून पट्टे सुरू होतात आणि शेपटीकडे जाईपर्यंत त्यांचे ठिपके होतात. पद्मिनी दोन तास ओट्याशी उभी होती. त्या दोन तासांत ती कोणावर चिडली नव्हती, हे नमूद करायला हवं, कारण असं त्या उन्हाळ्यात पुन्हा झालं नाही.

मग ओळख परेड सुरू झाली. नोटिशीचे नऊ दिवस राहिले होते. संजीवने पाळीव प्राण्यांच्या दुकानातला एक पोरगेला माणूस आणला. तो म्हणाला, मिल्क स्नेक. "बघ! मी म्हणत नव्हते?" शोभाकाकू जिन्यातून ओरडल्या. संजीवच्या ऑफिसातला एक टेक्सासकडचा माणूस फोटो बघून म्हणाला, रॅट स्नेक, आमच्या गोठ्यात असतात. चंद्रशेखरकाकांनी इंटरनेटवरून बावीस पानं छापून आणली आणि त्यात पट्टेवाला एक जहाल विषारी साप शोधून काढला. त्यांनी त्या पानाला लाल पेनाने चौकट केली. संजीवने एका संकेतस्थळावर फोटो टाकले, सतरा उत्तरं आली, त्यातली चार एकमेकांना शिव्या देणारी होती. नाशिकहून नंदूचा फोन आला: "वहिनी, लाल दिसलं की कॉर्न, काळं दिसलं की किंग. सिंपल आहे."

"नंदू," पद्मिनी म्हणाली, "तुमच्या रंगाच्या डब्यात गुठळ्या होऊ देत. मोठ्या मोठ्या."

तिने फोन ठेवला आणि भिंगातून पहिलं पिल्लू उलटं धरलं. रंगाने साप ओळखणं म्हणजे साडीवरून बाई ओळखणं. जिथे पोट संपतं आणि शेपूट सुरू होते, तिथे सापाचं एक खवलं असतं. किंगचं ते खवलं अखंड असतं, कॉर्नचं मधोमध दुभंगलेलं. पाठीचे खवले किंगचे गुळगुळीत, कॉर्नच्या खवल्यांवर मधोमध पुसटशी उभी धार. आठ पिल्लं, प्रत्येकाच्या पाठीवरच्या खवल्यांच्या रांगा, पोटावरच्या पट्ट्या, ते एक खवलं. इशिताच्या चित्रकलेच्या वहीत, फुलपाखरांच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर, पद्मिनीने चार रात्रींत आठ तक्ते काढले. संजीवने एकदा डोकावून विचारलं, "काय करतेस?" आणि उत्तर ऐकण्याआधीच तो दुसऱ्या एका दुकानदाराला फोन लावायला निघून गेला.

पंधरा सप्टेंबरला परमिटच्या ऑफिसातून तपासनीस बाई आल्या. मिसेस कोवाल्स्की. साठीच्या, जाड बुटांच्या, हातात फॉर्मची फळी. संजीवने सुट्टी टाकली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. "तू चहा बघ," तो पद्मिनीला हळूच म्हणाला. "मी हँडल करतो."

त्याने हँडल केलं. बाईंना त्याने हसून सोफा दाखवला आणि सांगितलं की ही पिल्लं मिल्क स्नेक आहेत.

"कशावरून?"

"एका तज्ज्ञांनी सांगितलं."

"तज्ज्ञांचं नाव?"

संजीवला दुकानातल्या माणसाचं नाव माहीत नव्हतं. तो म्हणाला की रॅट स्नेक असण्याचीही शक्यता आहे. मग म्हणाला की इंटरनेटवर बहुमत अजून स्पष्ट झालेलं नाही. मिसेस कोवाल्स्कींनी पेनाचं टोपण लावलं. टोपणाचा तो टक् आवाज पद्मिनीने स्वयंपाकघरात ऐकला, आणि तिला उद्याची सकाळ दिसली. जिन्यात खोकी, इशिता खोक्यावर बसलेली, शोभाकाकू वरून सूचना देतायत.

ती चहा न घेता बाहेर आली.

"गप्प बस!" ती म्हणाली. अगदी मराठीत, आणि ज्या आवाजात म्हणाली तो आवाज त्या घराने ऐकला नव्हता. "तीन महिने! तीन महिने मी सांगतेय! दुकानदाराला विचारलंस, टेक्सासला विचारलंस, अख्ख्या जगाला विचारलंस! ह्या घरात सापांवर पदवी घेतलेलं एक माणूस तुझ्यासाठी भात टाकतंय, त्याला विचारायचं सुचलं नाही तुला?"

मिसेस कोवाल्स्की कोणाचीच भाषा कळत नसताना सगळं कळलेल्या बाईसारख्या बसल्या होत्या.

पद्मिनी त्यांच्याकडे वळली. इंग्रजी बोलताना तिचा आवाज एरवी बारीक होई, पण राग अजून उतरला नव्हता, त्यामुळे तो तसाच मोठा राहिला. तिने फुलपाखरांची वही उलटी उघडली. आई कॉर्न, बाप किंग, पिल्लं मिश्र. पाच पिल्लांचं शेपटीजवळचं खवलं अखंड, दोघांचं दुभंगलेलं, एकाचं अर्धवट चिरलेलं. तिने ते अर्धवटवालं पिल्लू उलटं धरलं आणि भिंग बाईंच्या हातात दिलं.

"पद्मिनी, अगं, त्या पाहुण्या आहेत," संजीव कुजबुजला. "त्यांना तू सापाचं ते काय दाखवतेस!"

मिसेस कोवाल्स्की बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या. मग त्यांनी दुसरं पिल्लू मागितलं. मग तिसरं. आठही झाल्यावर त्यांनी वहीची पानं एकेक करून उलटली, एका फुलपाखराला चुकून शाबासकी दिली, आणि विचारलं, "हे कुठे शिकलात?"

"नागपूरला."

"आमच्याकडे पाठवता येईल असं कोणी आहे का तिथे?"

"मी आलेय," पद्मिनी म्हणाली. "दोन वर्षं झाली. मला नोकरी करायची परवानगी नाही."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. जातीच्या रकान्यात दोन्ही नावं लिहिली, मध्ये संकराची फुली मारली, आणि ती ओळ रकान्याबाहेर समासात गेली तरी थांबल्या नाहीत. ओळख पटवणाऱ्याच्या रकान्यात त्यांनी पद्मिनीचं नाव एकेक अक्षर विचारून घेतलं. पात्रता: एम. एस्सी. मग अर्जदार. संजीवने सवयीने हात पुढे केला. बाईंनी फळी त्याच्या हातावरून पलीकडे नेली आणि पद्मिनीच्या पुढ्यात ठेवली. पद्मिनीने सही केली. फोड आलेली बोटं बरी झाली होती, तरी सही जरा वाकडी आली.

मॅनेजरला दाखवायची प्रत वेगळी करताना मिसेस कोवाल्स्कींना शेवटचा रकाना राहिलेला दिसला. घरातल्या इतर प्रौढ व्यक्ती, आणि प्राण्यांच्या देखभालीत त्यांचं काम.

"सर," त्यांनी पेन रोखून विचारलं, "तुम्ही काय करता?"

संजीवने टाकीकडे पाहिलं. खोक्याकडे पाहिलं. ओव्हनकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"मी," तो शेवटी म्हणाला, "मी इथे राहतो."

मिसेस कोवाल्स्कींनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

"सध्या," पद्मिनी म्हणाली, आणि चहाचं आधण खाली उतरवायला आत गेली.